वऱ्हाडातील गुप्तधन: पायाळूपासून लोकेटरपर्यंत

मालकाने जमिनीत, भिंतीत किंवा विहिरीच्या बांधकामात दडवलेले आणि पुढे कोणालाच ठावठिकाणा न उरलेले सोने-नाणे म्हणजे गुप्तधन. अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांच्या मुलखात, म्हणजे जुन्या वऱ्हाडात, त्याच्या कथा गावागणिक आहेत. कुठे देशमुखाच्या पडक्या गढीत मोहरांचा हंडा आहे, कुठे ओसाड रिठाच्या पिंपळाखाली रांजण आहे, कुठे किल्ल्याच्या तळघरात खजिना आहे. हे धन शोधण्याचे मार्ग काळाप्रमाणे बदलत गेले. आधी पायाळू माणूस आणि अंजन होते, मग लाकडी बेळके आले, त्यानंतर तांब्या-पितळेच्या सळ्या आल्या. आता त्याच सळ्यांना बॅटरी, अँटेना आणि आकडे दाखवणारी पट्टी जोडलेले ‘लोकेटर’ विकले जातात. वऱ्हाडात जुने धन खरोखर निघाले आहे. मात्र ते कोणी, कशाने आणि कसे काढले, याचा इतिहास या साधनांच्या इतिहासाहून अगदी वेगळा आहे.

धन का पुरले जाई

धन पुरण्याची रीत लोभातून आली नाही, ती असुरक्षिततेतून आली. वऱ्हाडावर पाच शतकांत अनेक सत्ता आल्या. बहमनी राज्य मोडू लागले तेव्हा फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४९० च्या सुमारास एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे इमादशाही उभी केली. १५७४ मध्ये ती अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. अठराव्या शतकात निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचे अंमलदार एकाच गावातून वसुली करू लागले. दुहेरी अंमलाच्या त्या काळात घरातली शिल्लक नजरेआड ठेवणे हाच शहाणपणा ठरला.

१८०३ हे साल फार कठीण गेले. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या नेतृत्वाखाली गाविलगड घेतला. त्याच सुमारास प्रांतात मोठा दुष्काळ पडला. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख निजामाकडे गेला. पुढची काही वर्षे पेंढाऱ्यांच्या टोळ्या वाटेवरची गावे लुटत राहिल्या. लुटारू घरात शिरले की आधी जमीन ठोकून पाहत आणि घरधन्याला मारहाण करून पुरलेल्या जागा विचारत. त्यानंतर निजामी अमदानीत महसुलाचे मक्ते सावकार आणि पेढीवाले यांना दिले जाऊ लागले. पुरणमल हा सावकार आणि पेस्तनजी विकाजी ही पारशी पेढी ही त्यांतली ठळक नावे. मक्तेदाराच्या माणसाला घरातले सोने दिसले की पुढच्या वर्षीचा आकडा वाढे. पेंढारी आणि वसुलीदार या दोघांपासून जपायचे तर जमिनीसारखी दुसरी तिजोरी नव्हती.

जमिनीत साठवण्याची सवय वऱ्हाडी घराला नवी नव्हतीच. ज्वारी पेवात ठेवत. जमिनीखाली खोदलेल्या त्या खोल खड्ड्याचे तोंड बंद करून वर माती सारली की वर्ष-दोन वर्षे धान्य टिके. ज्या घराला पेव ठाऊक होते, त्याला तांब्याच्या गडूत मोहरा, पुतळ्या आणि रुपये घालून तो चुलीमागे, उंबऱ्याखाली किंवा गोठ्यात पुरणे अवघड नव्हते. जागा एकट्या कर्त्या पुरुषाला किंवा घरातल्या म्हातारीला माहीत असे. ते माणूस पटकीत किंवा लढाईत अचानक गेले की जागा त्याच्याबरोबर जाई. अशा रीतीने साधी शिल्लक गुप्तधन होई.

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला, अमरावती आणि खामगावच्या बाजारांतून रोख पैसा खेड्यांत शिरला आणि त्यातला मोठा भाग सोन्याचांदीच्या रूपाने घरात राहिला. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याची आख्यायिका त्याच तेजीतली. १ एप्रिल १८८२ पासून टपाल कचेरीत बचत खाते उघडण्याची सोय झाली, पुढे सहकारी पेढ्या आल्या आणि पुरण्याची गरज हळूहळू ओसरली. पुरलेल्या धनाच्या कथा मात्र ओसरल्या नाहीत.

गढी, पांढरी आणि रीठ

या कथा ठरावीक जागांभोवती फिरतात. गावाची वस्ती असलेली जागा ती पांढरी आणि शेतीची ती काळी, ही विभागणी वऱ्हाडात सर्वत्र आहे. पांढरीच्या उंचवट्यावर पाटील-देशमुखांची मातीची गढी असे. शेकडो वर्षांच्या घरांच्या भिंती पडून तिथे भुसभुशीत मातीचे थर साचलेले असतात. धाब्याच्या घरावर टाकायला हीच पांढरी माती लोक खणून नेत. अशा खणतीत खापरे, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मधूनच एखादे नाणे निघे. एका नाण्यावरून हंड्याची कथा जन्माला येई.

ओसाड गावांची रिठे हे दुसरे ठिकाण. दुष्काळ, साथ किंवा लुटीमुळे माणसे उठून गेली आणि महसुली कागदात फक्त नाव उरले. माणसे घाईत गेली असतील तर मागे काही पुरून गेली असतील, हा तर्क त्यामागे असतो. तिसरे ठिकाण किल्ल्यांचे. गाविलगड, नरनाळा आणि बाळापूर यांच्या खजिन्यांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात आणि त्यांपायी पायऱ्या, थडगी आणि देवळांचे गाभारे उखडले जातात.

निधीवर हक्क कोणाचा

जमिनीत सापडलेले धन कोणाचे, हा प्रश्न फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाण, रत्न किंवा निधी यांची वर्दी देणाऱ्याला सहावा हिस्सा सांगितला आहे. तो राजाचा नोकर असेल तर बारावा. एक लाख पणांच्या वरचा निधी राजाचा मानला आहे. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती यांतही राजा, शोधणारा आणि मूळ मालक यांचे हिस्से ठरवलेले आहेत.

वऱ्हाडातला याचा पुरावा अचलपूरजवळच्या चमक गावचा आहे. तिथल्या शेतात नांगरताना १८६८ च्या सुमारास वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला. राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी भोजकट प्रदेशातील चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चमक. दानाबरोबर ज्या सवलती दिल्या, त्यांत जमिनीतील निधी आणि उपनिधी यांवरचा हक्कही आहे. पाचव्या शतकातील राजसत्ता आपल्या गावांच्या मातीत पुरलेले धन असू शकते असे धरूनच चालत होती, हे त्यावरून कळते. निधीचा हक्क सांगणारा हा लेख स्वतःच मातीखालून, नांगराच्या फाळाला लागून बाहेर आला.

पायाळू, अंजन आणि राखणदार

धन शोधण्याचा सर्वांत जुना लोकमार्ग पायाळूचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याला जमिनीखालचे पाणी आणि धन दिसते, त्याच्या लाथेने कमरेची लचक जाते आणि त्याच्यावर वीज पडण्याचा धोका असतो, अशा समजुती महाराष्ट्रभर आहेत. पायाळूच्या डोळ्यांत विशिष्ट काजळ घातले की जमीन काचेसारखी पारदर्शक होते, असे मांत्रिक सांगत. अंजनाची ही कल्पना तेराव्या शतकातही सर्वांना परिचित होती. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गुरुकृपेचे वर्णन करताना डोळ्यांत अंजन पडल्यावर महानिधी दिसू लागण्याचा दाखला दिला आहे. संस्कृतात निधी शोधण्यावर स्वतंत्र ग्रंथही होते. ‘निधिप्रदीप’ हा त्यांपैकी एक त्रिवेंद्रम येथून छापला गेला आहे.

धनाचा राखणदार ही या समजुतीची दुसरी बाजू. नाग, खवीस किंवा मूळ मालकाचा आत्मा धन राखतो; विधी चुकला तर धन जागा सोडून चालू लागते किंवा त्याचा कोळसा होतो, असे सांगितले जाते. या कल्पनेने मांत्रिकाची मोठी सोय झाली. खड्डा रिकामा निघाला तरी त्याची विद्या खोटी ठरत नाही. कोणाचा तरी विटाळ झाला, कोणीतरी मध्ये बोलले, मुहूर्त टळला, असे कारण तयार असते आणि पुढच्या विधीसाठी पुन्हा पैसे मागता येतात.

पाणाड्याचे बेळके

जमिनीखालचे पाणी सांगणारा पाणाड्या हा वऱ्हाडच्या शेतीतला नित्याचा माणूस. कोणी कडुनिंबाचे किंवा जांभळाचे बेळके दोन्ही हातांत ताणून धरतो, कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो आणि तो उभा राहिला की पाय रोवतो. कोणी काटकोनात वाकवलेल्या दोन सळ्या मुठीत सैल धरून चालतो आणि त्या एकमेकींवर आल्या की विहिरीचा किंवा बोअरचा ‘पॉइंट’ दाखवतो.

पाणी आणि धन यांची खूण एकच मानण्याची परंपराही जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील दकार्गल अध्यायात झाडे, वारुळे आणि मातीचे रंग यांवरून पाण्याची शीर ओळखण्याचे नियम दिले आहेत. गवत नसलेल्या जागी गवत उगवलेले दिसले, किंवा गवताळ जागी एखादा तुकडा उघडा राहिला, तर तिथे पाणी तरी असेल नाही तर धन तरी, असे त्यात म्हटले आहे. यातला पहिला अर्धा भाग निरीक्षणाचा आहे. ओलाव्याप्रमाणे वनस्पती बदलतात, हे खरेच आहे. माणसाच्या हातातल्या काडीवर मात्र दकार्गलात भर नाही.

बेळक्याचा सर्वांत प्रसिद्ध जुना वृत्तांत युरोपातला आहे. जर्मन खाणीत धातूचे पट्टे शोधायला कामगार हेझलची दुफाटी फांदी वापरत. गेओर्ग आग्रिकोला याने १५५६ मध्ये छापल्या गेलेल्या खाणकामावरील ग्रंथात तिचे सचित्र वर्णन केले. खऱ्या खाणकामगाराने तिच्यावर विसंबू नये, जमिनीच्या नैसर्गिक खुणा पाहाव्यात, असा सल्लाही त्याने तिथेच दिला.

काडी का वळते, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८३३ मध्ये हातातल्या लोलकाचे प्रयोग प्रसिद्ध केले. डोळे बांधले की लोलकाची हालचाल थांबे. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर याने या क्रियेला नाव दिले आणि मनातली अपेक्षा स्नायूंची सूक्ष्म, नकळत हालचाल घडवते असे दाखवले. ताणून धरलेले बेळके किंवा सैल धरलेली सळी अशा तोलात असते की मनगट केसभर कलले तरी ती मोठी वळते. धरणारा लबाड असावा लागत नाही. प्रामाणिक पाणाड्यालाही सळी स्वतःहून वळल्याचाच अनुभव येतो, आणि म्हणूनच त्याचा विश्वास अढळ असतो.

जर्मनीत १९८७-८८ मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात मोठी चाचणी झाली. निवडक ४३ जणांनी खालच्या मजल्यावरील पाण्याच्या नळाची जागा ८४३ वेळा सांगितली. पुढे जिम एनराइट यांनी आकडे तपासले तेव्हा निकाल नशिबाच्या पलीकडे जात नसल्याचे दिसले. १९९० मध्ये कासेल येथे सुमारे तीस जणांची चाचणी झाली. जमिनीत ५० सेंटिमीटरवर पुरलेल्या नळातून पाणी वाहते की नाही एवढेच त्यांना सांगायचे होते. तिथेही तेच घडले.

तरीही पाणाड्याचे अंदाज गावात खरे का ठरतात? वऱ्हाडची जमीन बेसाल्ट खडकाच्या थरांची आहे. भेगाळलेल्या आणि झिजलेल्या थरांत पाणी साठते आणि पुरेसे खोल गेले तर बऱ्याच ठिकाणी थोडेफार लागते. लागलेले पाणी लक्षात राहते, कोरडी बोअर विसरली जाते. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा या विद्येची कसोटी पाहतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील या पट्ट्यात खाली पाणी आहे, पण ते खारे आहे. गोडे पाणी कुठे आणि खारे कुठे, हे तिथल्या शेतकऱ्याला बेळक्याने कधी सांगितले नाही.

सळ्यांना बॅटरी

पाणी बहुतेक जमिनीत असते. सोने जवळजवळ कुठेच नसते. त्यामुळे सोने शोधणाऱ्या सळीचे अपयश झाकायला जास्त भारदस्त आवरण लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे आवरण इलेक्ट्रॉनिक्सने पुरवले. ‘लाँग रेंज लोकेटर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या साधनात पिस्तुलासारखी मूठ असते आणि तिच्यावर मोकळी फिरणारी अँटेना. काहींत सोन्याचा नमुना ठेवायला कुपी असते, काहींबरोबर जमिनीत खुंट्या रोवून जोडायचे ‘ट्रान्समीटर’ नावाचे खोके असते. सोन्याची विशिष्ट ‘फ्रिक्वेन्सी’ लावली की शेकडो मीटरवरून, वीस-वीस मीटर खोलीवरचे धन अँटेना दाखवते, असा विक्रेत्यांचा दावा असतो.

हा दावा भौतिकशास्त्रात कुठेही बसत नाही. जमिनीत पडून असलेले सोने कोणतीही लहर बाहेर टाकत नाही. अँटेना मुठीवर मोकळी फिरते आणि मूठ माणसाच्या हातात असते, म्हणजे वळवणारे मनगट तेच, फक्त काडीच्या जागी स्टीलची नळी आली. खोक्यातला दिवा लागतो, आवाज येतो, आकडे बदलतात; पण त्यांचा अँटेनाच्या दिशेशी संबंध नसतो.

अशा यंत्रांचे निकाल न्यायालयांतही लागले आहेत. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘क्वाड्रो ट्रॅकर’ नावाचे साधन अमली पदार्थ आणि शस्त्रे शोधण्यासाठी शाळांना व पोलिसांना विकले गेले. उघडून पाहिल्यावर त्याच्या प्लास्टिकच्या खोळीत काम करणारा कोणताही भाग निघाला नाही आणि १९९६ मध्ये संघीय न्यायालयाने त्याची विक्री बंद केली. ब्रिटनमधील जेम्स मॅककॉर्मिक याने गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशाच वस्तूवरून ‘एडीई ६५१’ हे बॉम्बशोधक यंत्र काढले आणि ते इराकला मोठ्या किमतीत विकले. बगदादच्या नाक्यांवर या यंत्राच्या भरवशावर स्फोटके सुटत राहिली. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

खरी उपकरणे आणि वऱ्हाडची माती

धातू शोधणारी खरी उपकरणे आहेत आणि त्यांच्या मर्यादा मोजता येतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचे उपकरण वापरले. त्या खेपेला गोळी सापडली नाही, पण तत्त्व योग्य होते. गेरहार्ड फिशर याने १९३० च्या दशकात हाताळता येईल असा मेटल डिटेक्टर बनवला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की याच्या रचनेवरचा सुरुंगशोधक सैन्याने वापरला. वेटोळ्यातील बदलती वीज जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवते, धातूत भोवरे प्रवाह उमटतात आणि त्यांचे उलटे क्षेत्र वेटोळे टिपते.

हे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते. परतीचा संकेतही तसाच क्षीण होतो. म्हणून लहान वस्तूपासूनचे अंतर दुप्पट झाले की संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. एकटे नाणे फूटभर, फार तर दीड फूट खोलीपर्यंत कळते. मोठे भांडे मोठ्या वेटोळ्याने मीटर-दोन मीटरपर्यंत. किलोमीटरवरचे सोने दाखवणारे उपकरण जगात नाही.

वऱ्हाडची माती या खऱ्या उपकरणांनाही जड जाते. बेसाल्टमधील मॅग्नेटाइटमुळे डिटेक्टर खोटे संकेत देतो. जमिनीत रडार लहरी पाठवून थर पाहण्याचे तंत्र वाळूत चांगले चालते, पण ओल्या चिकण काळ्या मातीत आणि विशेषतः खारपाणपट्ट्यात लहरी मीटरभरातच शोषल्या जाऊ शकतात. जमिनीचा विद्युतरोध मोजणे हा भूजलासाठी विश्वासाचा मार्ग. १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे याने तो सुरू केला आणि महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तो वापरते. त्यातून ओला थर, कोरडा थर, मुरूम आणि कठीण खडक कळतात. सोन्याचा हंडा कळत नाही.

आकड्यांचा चुकीचा अर्थ लावला तर काय होते, हे उत्तर प्रदेशातील डौंडिया खेडा येथे दिसले. एका साधूच्या स्वप्नात एक हजार टन सोने दिसले, भूवैज्ञानिक पाहणीत जमिनीखाली काही विसंगती आढळली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने उत्खनन सुरू केले. खापरे आणि विटा निघाल्या. सोने निघाले नाही.

खरोखर जे सापडले

वऱ्हाडच्या मातीतून आलेले सर्वांत मोलाचे धन सोन्याचे नव्हतेच. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. १९९८ पासून हा भाग वाशीम जिल्ह्यात आहे. सुमारे दीड हजार नाणी होती, सगळी पोटीन या तांबे-कथिलाच्या हलक्या मिश्रणाची. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. सोनाराच्या तराजूत त्यांना भाव नव्हता. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे राजे प्रथमच इतिहासात आले. विजय सातकर्णी हे नाव तोवर पुराणांतच होते. त्याला नाण्याचा पुरावा मिळाला. सातवाहन सत्तेच्या अखेरच्या काळाचा विदर्भातील इतिहास या साठ्याशिवाय लिहिता येत नाही.

अमरावती जिल्ह्यातील धामोरी येथे कलचुरी राजा कृष्णराज याच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे पुरलेल्या जैन ब्राँझ मूर्ती मिळाल्या आणि त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात पोहोचल्या. लोक ‘अजब बंगला’ म्हणतात ते हेच एकोणिसाव्या शतकातील संग्रहालय. पायाळू, बेळके किंवा लोकेटर यांच्यामुळे पुढे आलेला एकही साठा वऱ्हाडच्या इतिहासाच्या साधनांत नाही.

कौंडिण्यपूरला १९६० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या देखरेखीखाली शास्त्रीय उत्खनन झाले. अशा उत्खननात वस्तूइतकाच ती ज्या थरात पडली होती तो थर महत्त्वाचा असतो. गुप्तधनाच्या आशेने रात्रीत खणलेला खड्डा हे थर कायमचे उलथून टाकतो. वऱ्हाडातील कित्येक पांढऱ्यांचा न लिहिलेला इतिहास अशा खड्ड्यांत नष्ट झाला आहे.

बळी आणि कायदा

या शोधाची सर्वांत भयंकर बाजू रक्ताची आहे. राखणदाराला बळी दिल्याशिवाय धन हाती लागत नाही, ही समजूत कोंबड्या-बकऱ्यावर थांबत नाही. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात स्त्रिया आणि मुलींचे खून झाले आणि तपासात गुप्तधनाच्या लालसेचा धागा पुढे आला. यवतमाळ जिल्ह्यात २०२२ मध्ये गुप्तधनासाठी मुलीचा बळी देण्याचा बेत पोलिसांनी वेळेत उधळला. मांडूळ साप, घुबड, खवले मांजर आणि कासव यांच्या तस्करीमागेही बऱ्याचदा अशाच समजुती असतात.

या विरोधात वऱ्हाडातूनच मोठे आवाज उठले. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून बळी, नवस आणि अंगात येणे यांवर प्रहार केले. यावलीचे तुकडोजी महाराज यांनी मोझरीच्या गुरुकुंजातून कष्ट आणि ग्रामसेवा हेच धन असल्याचे शिकवले. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. मौल्यवान वस्तू, गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या बहाण्याने केलेली अघोरी कृत्ये त्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत आहे.

सापडले तर काय करावे

सापडलेल्या धनाला भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली की तिचे वर्णन, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्याला कळवणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावे मागवतो. मालक ठरला नाही आणि जमीनमालकाशी आपसात तडजोड झाली नाही, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. शासनाला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन ती घेता येते. न कळवता लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ल्यात किंवा देवळात खणणे हा त्याहून वेगळा गुन्हा आहे.

प्रामाणिकपणे कळवणाऱ्याच्या बाजूने कायदा आहे आणि इतिहासही. गढीची माती काढताना, पाया खणताना किंवा नांगरताना खापरात नाणी दिसली तर ती वितळवू नयेत, घासून चकचकीत करू नयेत, वाटून घेऊ नयेत. खणणे तिथेच थांबवून जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. तऱ्हाळ्याची नाणी मुशीत गेली असती तर तीन सातवाहन राजांची नावे आपल्याला कळली नसती.